समोरच्याची बाजू

“मुद्दा कुठंय? मुद्दा!” नवऱ्यानं कागद टेबलावर आपटला. “शाळेत मोबाइल असावा, कारण सोय होते. नसावा, कारण लक्ष उडतं. हा निबंध आहे की भांडणाऱ्या दोन्ही सुनांना गोंजारणारी सासू?”

“पण दोन्ही खरंच आहे ना?”

“असेल! परीक्षकाला तुझं मत हवंय. सुरुवातीलाच, एका वाक्यात. मग कारणं, पुराव्यासकट. मग समोरच्याची बाजू, तीही त्याची सगळ्यात भक्कम बाजू. तिला उत्तर. मग शेवट. किती वेळा तेच दळण दळू?”

तो घरातच इंग्रजीच्या शिकवण्या घ्यायचा. त्याच्या हाताखालून कितीतरी मुलं पार झाली होती. बायको मात्र दोनदा नापास. ती बालवाडीत मदतनीस होती. नाकं पुसायची, बुटांच्या नाड्या बांधायची, बाई आल्या नाहीत की वर्गही तीच सांभाळायची. हा इंग्रजीचा पेपर सुटला तर तिला बाई म्हणून घेणार होते.

उताऱ्याच्या विश्लेषणात तर आणखीच आनंद. लेखक काय म्हणतो ते नको, तो वाचणाऱ्याला कसा पटवतो ते लिही, असं तो घसा फोडून सांगायचा आणि ती लेखकाशीच वाद घालून मोकळी व्हायची.

“अगं, तिथं बाजू घ्यायची नाही, इथं घ्यायची! तू नेमकं उलटं करतेस.”

“ओरडू नका. ओरडलं की माझी चिमुरडी पोरंसुद्धा ऐकत नाहीत.”

शिकवणीची मुलं आली. उठता उठता त्यानं जुन्या प्रश्नपत्रिकेतला एक विषय तिच्यापुढं सरकवला: आजारी वडीलधाऱ्यांची शुश्रूषा घरीच व्हावी का? “हा सोपा आहे. यात तरी तुला मत असेल,” तो म्हणाला.

मुलं गेल्यावर तो परत आला, तेव्हा पान भरलेलं होतं. लाल पेन उघडून तो उभ्याउभ्याच वाचू लागला.

पहिलंच वाक्य होतं: घरातल्या एकाच माणसावर आजारी माणूस सोपवू नये. पुढं कारणं होती. अंथरुणाला खिळलेल्या बाईला एकटीनं कुशीवर वळवलं की पाठीत काय होतं. अंग पुसताना ती बाई सुनेसमोर लाजून डोळे कसे मिटून घ्यायची. मग समोरच्याची बाजू: परकं माणूस मायेनं करत नाही. आणि उत्तर: माया होती, म्हणूनच, ही आता सुटली तर बरं, असं मनात आलं त्या दिवशी मला माझीच भीती वाटली.

तो खुर्चीवर बसला.

“हे आईबद्दल आहे?”

“विषय तुम्हीच दिलात.”

“मला तेव्हा का नाही सांगितलंस?”

“सांगितलं होतं. रडत सांगितलं, म्हणून तुम्हाला कळलं नसेल.”

त्यानं एका ठिकाणी राहून गेलेला ‘the’ घातला, एक स्पेलिंग सुधारलं. पेन शेवटच्या ओळीपाशी थांबलं. तिथं तिनं लिहिलं होतं: अर्थात, यात कुणाचाच दोष नव्हता.

“हे वाक्य काढ.”

“राहू दे ना. तुमच्यासाठी लिहिलंय ते.”

“कळलं मला. पण ते तुझ्या मुद्द्याला धरून नाही. आधीच्या वाक्यावरच निबंध संपतो. काढ.”

तिनं त्याच्याकडं पाहिलं. मग पट्टी घेतली, नीट धरली, आणि त्या ओळीवर एक सरळ रेघ मारली.