नेम चुकवायचा शनिवार

एदेल्मिराला आता भांडायचाही कंटाळा आला होता. बोगोटाच्या दक्षिणेला तिचा तेहोचा अड्डा. त्याला लागून पूर्वी बटाट्याचं गोदाम होतं आणि बटाट्यांनी कधी तक्रार केली नव्हती. मग गोदाम पाडून तिथे टॉवर उभे राहिले. घरं विकणाऱ्यांच्या ऑफिसात काचेच्या पेटीत वसाहतीचा छोटा नमुना ठेवला होता, तो ती एकदा मुद्दाम बघून आली. तिच्या पत्र्याच्या छपराच्या जागी त्यांनी झाडं लावली होती. स्पंजची, हिरवीगार. अड्डा, संडास, बिअरचे क्रेट, सगळं झाडांखाली गडप. घर घेणाऱ्या बिचाऱ्यांना वाटलं, खिडकी उघडली की पाखरं ऐकू येतील. ऐकू आल्या त्या टिकल्या.

तेहो म्हटलं की टिकली फुटणारच. समोर तिरकी पेटी, पेटीत ओली माती, मातीत पुरलेली लोखंडी कडी आणि कडीच्या काठावर फटाक्याच्या कागदी टिकल्या. लांबून जड चकती भिरकवायची. मातीत रुतली तर थप्प, टिकलीवर बसली तर धडाम. टिकली फोडून चकती थेट कडीत जाऊन बसली, तर ती मोन्योना. मोन्योना झाली की अख्खा अड्डा ओरडतो, मग फेकणारा कुठल्याही बाजूचा असो. घरात बाळ जन्मलं आणि कुणी तोंडातून शब्द काढला नाही, असं कधी होतं का? तसंच ते.

वसाहतीकडून अर्जांवर अर्ज झाले. पोलीस येत, ड्यूटीवर आहोत म्हणून बिअर नाकारत आणि एकेक डाव टाकून जात. एदेल्मिराने भिंत वाढवली, भिंतीवर जुन्या गाद्या ठोकल्या, अड्डा संध्याकाळीच बंद करायला लागली. काही उपयोग झाला नाही. शेवटी पालिकेकडून निरोप आला की आता एकदाच आवाज मोजणार, मर्यादेबाहेर गेला तर परवाना रद्द. नवरा गेल्यापासून तिचं पोट त्या परवान्यावर चाललं होतं.

त्या आठवड्यात समोरच्या टॉवरमधली मारिबेल खाली आली. मारिबेल नर्स, कायमची रात्रपाळी. तिची बाल्कनी बरोबर अड्ड्याच्या डोक्यावर.

“दोन्या एदेल्मिरा, शनिवारी दुपारी ते यंत्र माझ्या बाल्कनीत लावणारेत. तुम्हाला सांगायला नको खरं तर.”

“मग कशाला सांगतेस, पोरी?”

“मला तुमचा धंदा नाही बंद करायचा हो. मला नुसतं झोपायचंय.”

एदेल्मिराच्या तोंडात चार कडक शब्द तयार होते. पण पोरीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघून ते तिने गिळले आणि आत जाऊन बटाट्याचं गरम सूप आणून दिलं. मारिबेलने ते उभ्या उभ्याच संपवलं. दोघी दमलेल्या होत्या, आणि चूक दोघींचीही नव्हती, हेच वाईट.

शनिवारी अड्डा बंद ठेवून भागणार नव्हतं, ते न सांगता पुन्हा आले असते. टिकल्या न लावूनही भागणार नव्हतं, मोजणारा माणूस आत येऊन बघणारच. मग एदेल्मिराने नेहमीच्या गिऱ्हाइकांना गोळा करून सांगितलं, या, प्या, खेळा, टिकल्याही लावू, पण नेम चुकवायचा. एकही टिकली फुटता कामा नये. पुरुषांची तोंडं वाकडी झाली. अड्ड्यातला सगळ्यात पक्का हात एवारिस्तोचा. तो म्हणाला, “सुमर्से, मालकीणबाई, तुम्ही माझा गळा कापा, पण हे असलं सांगू नका.” तरी तयार झाला.

आणि सेगुंदो? त्याला कोण सांगणार? सेगुंदो तिच्या मुलीचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता, म्हणून तिचा कोंपाद्रे. अड्ड्याची पहिली माती तिच्या नवऱ्याबरोबर यानेच वाहून आणली होती. आता डोळ्यांवर पडदा, हाताला कंप. टॉवरचा पाया खणला त्याच्याही आधीपासून त्याच्या हातून टिकली फुटली नव्हती. “त्याला कशाला सांगायचं?” एवारिस्तो म्हणाला. “चकती पेटीपर्यंत पोचली तरी मिळवली.” सगळे हसले. एदेल्मिराही हसली, आणि सेगुंदोला कुणी सांगितलंच नाही.

शनिवारी बाल्कनीत तीन पायांवर यंत्र उभं राहिलं, शेजारी जाकीट घातलेला एक तरुण. खाली इतका रद्दी खेळ एदेल्मिराने जन्मात पाहिला नव्हता. कुणाची चकती भिंतीवर, कुणाची पेटीच्या लाकडावर. एवारिस्तो तर इतक्या सफाईने चुकवत होता की आंधळ्यालाही कळावं. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं, जणू आत मयत ठेवलंय.

मन लावून खेळत होता तो एकटा सेगुंदो. त्याच्या पाळीला पेटीच्या लाकडावर कुणीतरी टकटक करायचं, त्या आवाजाच्या अंदाजाने तो फेकायचा. एदेल्मिराने सवयीने बाटलीने टकटक केली आणि बाजूला झाली. सेगुंदोने खांद्यावरची घोंगडी मागे सारली, हात झुलवला आणि चकती सोडली.

धडाम. धूर निवळला तेव्हा चकती कडीच्या मधोमध बसलेली होती. मोन्योना.

कुणी हूं की चूं केलं नाही. एवारिस्तोने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. सगळ्यांचे डोळे वर, बाल्कनीकडे. सेगुंदो हात तसाच पुढे धरून, कान तिरका करून उभा होता. तो ओरड्याची वाट बघत होता. ओरडा आला नाही. मग त्याने हळूच हात खाली घेतला.

“कुणाची फुटली?” त्याने विचारलं. “पलीकडच्या पेटीवर का?” आणि आपली वाटली याचीच लाज वाटून तो हात पुसायला लागला.

नंतर त्याच्या कानात सांगता आलं असतं. एदेल्मिरा काही खुळी नव्हती, परवाना म्हणजे काय हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? पण कानात सांगितलेली मोन्योना घेऊन म्हाताऱ्याने करायचं काय? तिने छाती भरून श्वास घेतला.

“मोन्योना! कोंपाद्रे, तुमची! तुमची मोन्योना!”

अड्डाभर ऑर्डरी ओरडून कमावलेला आवाज तो. मग कोण थांबतंय? बाटल्या आपटल्या, पत्रे बडवले, एवारिस्तोने म्हाताऱ्याला उचलून घेतलं. ते बराच वेळ चाललं.

जाकीटवाला खाली आला तेव्हा त्याचंच तोंड उतरलेलं होतं. टिकलीचं एवढं काही नाही, तो म्हणाला, क्षणभराचा आवाज, सरासरीत खपून गेला असता. “पण त्यानंतर एका बाईचा आवाज आहे. तिथून आकडा खाली आलाच नाही.”

“मीच ती,” एदेल्मिरा म्हणाली.

दाराला सील लागलं. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आधी नुसतं बसावंसं वाटलं. ती दाराबाहेर खुर्ची टाकून बसली. वर मारिबेल बाल्कनीत आली, सीलकडे आणि मग तिच्याकडे बघत उभी राहिली. एदेल्मिराने हातानेच खूण केली, जा, झोप आता.

पुढच्या शनिवारी सेगुंदो चाचपडत आला आणि शेजारच्या क्रेटवर बसला. एवारिस्तोही येऊन भिंतीला टेकला.

“कोमाद्रे, माझ्या मोन्योनाने अड्डा बंद पडला म्हणतात. खरंय?” चेहरा पाडायचा त्याने खूप प्रयत्न केला, पण तो काही पडत नव्हता. “इतका मोठा आवाज झाला होता?”

एवारिस्तो काही बोलणार, तोच एदेल्मिराने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने तोंड मिटलं.

“झाला होता, कोंपाद्रे,” ती म्हणाली. “यंत्राच्या बाहेर गेला.”