किनारीबाहेरची रेघ

"बाबा, आधी तिच्या तोंडातलं काढा!"

लवूनं नातीच्या, बकूच्या, तोंडातून कागदाची ओली पट्टी सोडवली. जमिनीवर अशा पट्ट्यांचा पसारा झाला होता. त्याची लेक शेवंती कात्रीनं पेशींच्या फोटोंच्या कडा कापत बसली होती. सोमवारी प्रबंध द्यायचा होता. परळच्या प्रयोगशाळेत, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली, तिला स्नायूच्या पेशीत एक काळी रेघ सापडली होती. आजवर कुणी न पाहिलेली. तिचे मार्गदर्शक सर म्हणाले होते, "हिला तुझं नाव लागेल."

गिरण्यांचा संप सुरू होऊन वर्ष उलटलं होतं. बावीस वर्षं माग चालवलेले लवूचे हात आता बकूला जोजवायचे आणि ती झोपली की उगाच काहीतरी चाचपत राहायचे. त्यानं पट्टी पुसली, फोटोला जोडून पाहिली. मग दुसरी. मग खिडकीपाशी जाऊन पट्टीवर बोट ठेवलं.

"शेवंती, ही रेघ हयसर पण इली गो."

"ती पेशीबाहेरची जागा आहे, बाबा. तिथं नुसती राळ असते, कापण्याआधी पेशी जिच्यात घट्ट बसवतात ती."

"मगे रेघ कशी? नक्षी किनारीभायर जाता काय? हो कापडाचो दोष नाय. मागाचो."

शेवंती हसली. "माझा कुठला आलाय माग?"

"कापतस कशान?"

"पेशींचे काप? काचेच्या सुरी..."

कात्री थांबली. सुरीच्या धारेचा बारीकसा टवका उडाला, की प्रत्येक कापावर ओरखडा उठतो. हे तिला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. पण फोटो नीटस दिसावा म्हणून कडा ती आधीच कापून टाकायची.

तिचा चेहरा पाहून लवू घाबरला. "माका काय कळता म्हणा. तू आपला काम कर."

तिनं बकूला उचलून घट्ट धरलं. 

दुसऱ्या दिवशी तिनं नवी सुरी घेऊन पुन्हा काप काढले. रेघ नव्हती. सरांना तिनं स्वतःच सांगितलं. प्रबंध दीड वर्ष लांबला. लवूची गिरणी काही उघडली नाही. पण पुढचा प्रत्येक फोटो न कापता घरी यायचा, लवू खिडकीपाशी खुर्चीत बसून तो उजेडात सावकाश बघायचा आणि म्हणायचा, "माल पास."

इतक्या वर्षांनी आता प्रयोगशाळेत चित्रं थेट पडद्यावर येतात. हाताखालची मुलं हसतात, तरी शेवंतीबाई एक प्रत कागदावर काढून घेतात. कडांसकट. खिडकीच्या उजेडात धरतात, पण स्वतःच्या डोळ्यांसमोर नाही. जरा खाली, खुर्चीत बसलेल्या माणसाला दिसेल अशी.