गडगडलं की वायर काढायची

अत्रातो नदीकाठच्या त्या गावात आभाळ गडगडलं की माणसं आधी छातीवर क्रूसाची खूण करतात आणि लगेच भिंतीतल्या वायरी उपटतात. फ्रीजची, टीव्हीची, पंख्याची. ओतिलियाही तेच करी. चर्चच्या मागच्या खोलीतलं रेडिओ केंद्र तिच्याकडे होतं, आणि तिथला कॉम्प्युटर बिचारा बहुतेक दिवस असाच झोपी जाई, कारण न गडगडता मावळलेला दिवस त्या गावाने फारसा पाहिलेला नाही.

आज ती त्या कॉम्प्युटरसमोर बसली होती. पडदा काळा, खाली एक बारीकसा दिवा लुकलुकत होता. एरवी तो सुरू होईपर्यंत ती कॉफी करी, केर काढी, जपमाळही ओढून होई. आज तिने काहीच केलं नाही. धाकटी बहीण फिदेलिना गेल्यापासून तिला सगळं पलीकडच्या काठावर चालल्यासारखं ऐकू येई. लोक येत, गळ्यात पडून रडत. ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवी आणि मनात म्हणे, बिचाऱ्याला फार दुःख झालेलं दिसतंय.

आज नवव्या दिवसाची रात्र. घरात मांडलेली वेदी पहाटे उतरवायची, आणि उतरवताना निरोपाचा अलाबाओ, मृताला वाटेला लावणारं गाणं, म्हणायचा. तो म्हटल्याशिवाय जीव सुटत नाही, घरातच आपल्या चपला शोधत फिरतो. बायकांची तशी श्रद्धा होती आणि ओतिलियाचीही. पण त्याची सगळी कडवी येत होती एकट्या फिदेलिनालाच. ती पुढे म्हणे, बाकीच्या मागून झील धरत. आजारी पडायच्या आधी तिने या खोलीत बसून तो अख्खा म्हटला होता आणि कॉम्प्युटरने टिपून घेतला होता. शेवटचा सूर विरतो न विरतो तोच आभाळ गडगडलं होतं. ओतिलियाने ध्वनिफीत जपून ठेवायचं बटण दाबलं होतं, आणि मग वायर काढली होती.

आर्सिंदो आला. होड्यांची इंजिनं आणि मोबाइल दोन्ही दुरुस्त करणारा चुलतबहिणीचा मुलगा, चाळिशी ओलांडलेला, हाताला कायम डिझेलचा वास.

"मावशी, रोज एवढा वेळ घेतो हा?"

"पूर्वी कॉफी व्हायची. हल्ली भात होतो."

"म्हणजे तुला सुगरण करूनच सोडणार तो."

ती हसली नाही. पडदा उजळला तसा आर्सिंदो खुर्ची ओढून बसला, इकडेतिकडे बघू लागला आणि एका चिन्हापाशी थबकला.

"हे मीच टाकलंय," तो जरा ओशाळून म्हणाला. "याची डिस्क म्हातारी. म्हणून मी मध्ये हा एक नोकर ठेवला. तू काही जपून ठेवलंस की तो ते हातात धरतो आणि सवडीने डिस्कवर नेऊन ठेवतो. तुला वाटतं, काम पटकन झालं. सुरू होताना मात्र आदल्या दिवशी हातात काय काय होतं ते सगळं डिस्कवरून पुन्हा गोळा करतो. त्यातून वायर उपटलेली असली की कॉम्प्युटर आधी सगळी डिस्क तपासतो. मग उशीर होणारच."

"आणि वायर काढली तेव्हा त्याच्या हातात जे असेल ते?"

आर्सिंदोने बोटं पँटला पुसली.

"ते जातं, मावशी. मी सांगितलं होतं ना, नीट बंद करत जा म्हणून."

"नीट बंद कर म्हणालास. गडगडल्यावर काय करायचं ते नाही म्हणालास."

त्याने तो नोकर काढून टाकला आणि फिदेलिनाची ध्वनिफीत शोधू लागला. सापडली. तुटकी होती, डिस्कवर पोचलेला तेवढा तुकडा त्याने खटपट करून ऐकण्याजोगा केला.

आधी खोकला. मग फिदेलिना बोलली, "लागलं का ते? ओतिलिया, तो पंखा बंद कर आधी, मेला घरघरतोय. आणि झील नीट धर. गेल्या वेळेसारखी शेपटाशी सोडून देऊ नकोस. हं."

मग सूर लागला. 'निघते मी आता, दिवा धरा दारी...' आणि तिथेच शांतता.

"पुढे?"

"पुढे नाही."

"पुन्हा लाव."

त्याने पुन्हा लावलं. ओतिलिया वाट पाहत राहिली, आता तरी रडू येईल म्हणून. आलं नाही. "बरं," ती म्हणाली.

आर्सिंदोने कॉम्प्युटर नीट बंद केला आणि पुन्हा सुरू केला. सवयीने ती कॉफीचं भांडं घेऊन उठली. चुलीपर्यंत पोचलीही नव्हती.

"झाला सुरू," तो म्हणाला.

रिकामं भांडं हातात धरून ती तशीच उभी राहिली. आता वाट बघायलाही काही नव्हतं.

संध्याकाळी घरात पांढऱ्या चादरींची वेदी, वर काळ्या कापडाचं फुलपाखरू, बाकांवर बायका. सगळ्यांत वडील लिओकादिया आजी विचेची, उसाच्या गावठी दारूची, बाटली मांडीशी धरून बसली होती.

"मिळालं का गं?"

"मिळालं."

"किती?"

"सुरुवात."

आजी सरकली. फिदेलिनाची मधली जागा तिने तळहाताने पुसली. "मग बस इथे आणि कर सुरुवात."

"मला पुढचं येत नाही, आजी."

"आम्हाला झील येते ना? तिच्या मागोमाग काय यायचं ते येईल तोंडात. नाहीच आलं तर पुन्हा पहिलं म्हण. पहाटेपर्यंत कुठे जायचंय आपल्याला?" आजीने बाटली पुढे केली. "घे. घसा ओला कर. रडून तर काही केलेला नाहीस."

बाहेर गडगडलं. कुणीतरी छातीवर क्रूसाची खूण केली, कुणीतरी पंख्याची वायर उपटली. घरघर थांबली.

ओतिलियाने सूर लावला, दुपारी ऐकला होता तोच. निघते मी आता, दिवा धरा दारी. बायकांनी झील धरली. झील संपली, पुढे काहीच आलं नाही. तिने पुन्हा पहिलंच म्हटलं. बायकांनी पुन्हा झील धरली. आणखी एकदा तसंच. मग तिच्या तोंडून एक ओळ निघाली. ती फिदेलिनाची होती की तिची स्वतःची, तिला कळलं नाही. तिने लिओकादिया आजीकडे पाहिलं. आजीने डोळे मिटले होते, आणि ती झील धरत होती, अगदी शेपटापर्यंत.