मरायला जागा

आमगावजवळ जुनी लढाई उभी करून दाखवायचा खेळ होता. मागे निळी फुलं दिसावीत म्हणून नागपूरच्या दिग्दर्शकानं मनिरामची फुलावर आलेल्या लाखोरी डाळीच्या शेताची बांधी मागून घेतली. पट्टा फिरवून झाला, ठासणीची बंदूक दाखवून झाली, मग हल्ला. तोफेचा पहिला बार झाला की एका फौजेतला शिपाई झालेल्या ग्यानीरामनं पडून मरायचं होतं.

पण दोन्ही फौजा शेतकऱ्यांच्या. उभं पीक कोण तुडवणार? रांगेनं अरुंद धुऱ्यावरूनच, बांधावरूनच, धावत आल्या नि मधोमध अडकल्या. बार झाला. ग्यानीराम गांगरला. डावीकडं लाखोरी, उजवीकडंही लाखोरी. अखेर त्यानं समोर तलवार रोखून उभ्या शत्रूलाच, मनिरामलाच विचारलं, “भाऊ, कोठी पडू जी?”

मनिराम खेकसला, “घरी जाऊन मर!”