पोल्ट्रीकडे सोडलेली वाट

लिअ‍ॅनाला राउटरचं काम मी तिच्या आजोबांच्या स्वयंपाकघरात शिकवलं. बारा वर्षांची पोर, एकदा सांगितलं की पुरे.

"घरात यंत्रं सात, पण बाहेर पत्ता एकच दिसतो, राउटरचा. आतून कुणी काही मागवलं की राउटर ते टिपून ठेवतो आणि उत्तर आलं की त्यालाच देतो. आणि न मागवता बाहेरून कुणी आलं तर?"

"टिपणात नाव नाही. हाकलायचं!"

"शाब्बास."

तिचे आजोबा, कॉर्नी पेनर, सूर्यफुलाच्या बिया सोलत ऐकत होते. "म्हणजे चर्चमधून फोनवर माझी पोल्ट्री बघायला गेलो, तर मलाही हाकलणार? माझ्याच घरातून?"

"ओपा, नियम घालता येतो," लिअ‍ॅना आजोबांना म्हणाली. "अमुक नंबरवर जो येईल, त्याला थेट पंख्यांच्या यंत्राकडे सोडायचं. हो ना, बाई?"

"येतो. पण जो येईल म्हणजे कुणीही हं. आधी यंत्राचा कंपनीनं दिलेला पासवर्ड बदला."

"अगाथा, मॅनिटोबाच्या या कोपऱ्यात माझ्या कोंबड्या बघायला कोण येतंय? बदलू नंतर."

लिअ‍ॅनानं नियम घातला. पासवर्डचं मी पुन्हा विचारलं नाही.

जुलैतल्या एका रविवारी सकाळीच पारा चौतीस अंशांवर गेला. प्रवचनाआधी मुलं पुढे उभी राहून गात होती. माझ्या पुढच्या बाकावर कॉर्नी मांडीवर फोन धरून बसले होते. शेड बंदिस्त, आत दहा हजार कोंबड्या. अशा उन्हात पंखे थांबले तर अर्ध्या तासात सगळ्या गुदमरतात.

ते मागे वळून कुजबुजले, "बारा पंखे होते, आता नऊ. त्या कार्टीला सांग, खेळ बंद कर म्हणावं."

मी बोटानं समोर दाखवलं. लिअ‍ॅना पहिल्या रांगेत गात होती, दोन्ही हातांत गाण्याचं पुस्तक.

कॉर्नींनी फोनकडे पाहिलं. आठ. मग सात. कुणीतरी सावकाश एकेक पंखा बंद करत होतं. कॉर्नींनी चालू करायला बोट लावलं, तर पासवर्ड चुकीचा म्हणून यंत्रानं त्यांनाच बाहेर काढलं.

गाणं अर्धवट सोडून लिअ‍ॅना आमच्यामागे ट्रककडे धावली. पोचलो तेव्हा शेडमधून आवाजच येत नव्हता. तिनं यंत्राची इंटरनेटची वायर उपटली. कॉर्नींनी भिंतीवरची बटणं एकेक करून हातानं दाबली. पंखे गरगरले. कोंबड्या चोची वासून पडल्या होत्या. हळूहळू उठायला लागल्या. तीनेकशे उठल्या नाहीत.

यंत्राच्या पडद्यावर लिअ‍ॅना जुन्या नोंदी वाचत होती. "ओपा, हा सहा आठवडे येतोय. आधी रोज यायचा, कधीही. मग फक्त रविवारी, साडेदहाला. काही न बदलता बघून जायचा."

"आपण तेव्हा चर्चमध्ये असतो, हे त्याला कोण सांगणार?"

लिअ‍ॅनानं माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं. तिनं नोंदींवर बोट ठेवलं.

"तुम्हीच सांगितलंत, कॉर्नी," मी म्हटलं. "दर रविवारी साडेदहाला तुम्ही बाहेरून बघता, ते यंत्रानं इथंच लिहून ठेवलंय आणि त्यानंही ते वाचलं. बाहेरून बघता, म्हणजे घरी नाही."

नियम आम्ही काढून टाकला. पुढच्या रविवारी कॉर्नी चर्चला गेले नाहीत. शेडच्या दारात स्टूल टाकून बसले. आम्ही दोघी घरात राउटरच्या नोंदी बघत होतो.

साडेदहाला तो आला. राउटरनं हाकललं. मिनिटभरानं पुन्हा आला. अकरा वाजले तरी येतच होता.