मशीनवर कोण बसणार?

शिलाई मशीनच्या एका दुकानात मी बिलं करायचे, तेव्हाची ही गोष्ट आहे. दुकानाच्या मागे एक लांबट खोली होती. तिथे खिडकीखालच्या बाकावर कुठलं तरी मशीन खोलून मिस्त्रीबाई बसलेल्या असायच्या. बावीस वर्षं त्या तिथेच होत्या. चाक दोनदा फिरवलं की नुसत्या आवाजावरून सांगायच्या, सुई वाकलीय की आत दोरा अडकलाय. त्यांचं खरं नाव दुकानात कोणी घेत नसे.

मग मशीन बनवणाऱ्या कंपनीने दुरुस्तीचं काम स्वतःकडे घेतलं आणि मागची खोली बंद झाली. बाईंना घरी पाठवणं मालकांच्या जिवावर आलं. ते म्हणाले, उद्यापासून पुढे काउंटरवर उभ्या राहा, मशीन तुमच्याइतकं दुसऱ्या कोणाला कळतं?

कळत होतं, हीच तर पंचाईत झाली. गिऱ्हाईक विचारायचं, यातलं चांगलं कोणतं? बाई प्रत्येक मशीनची खोड सांगायच्या. याचा पट्टा दोन वर्षांत सैल पडतो, त्याला जाड कापड झेपत नाही. आणि शेवटी विचारायच्या, घरी जुनं मशीन आहे का? असेल तर घेऊन या, बघते मी. गिऱ्हाईक खूश होऊन जायचं आणि जायचं ते जायचंच. दीड महिन्यात त्यांच्या हातून एकच मशीन विकलं गेलं, तेही त्यांच्या नणंदेला. शेजारच्या काउंटरवरचा चटपटीत विक्रेता दिवसाला दोन काढायचा. त्या दिवसांत बाई डबा अर्धाच खायच्या.

त्यात कंपनीने विक्री शिकवायला एक तरुण पाठवला. पोरगा मनापासून शिकवायचा. गिऱ्हाईकाचा हात मोकळा ठेवू नका, किंमत आधी सांगू नका, ज्याचं उत्तर 'हो' येईल असेच प्रश्न विचारा. बाईंनी सगळं वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं. जेवणाच्या सुट्टीत मला गिऱ्हाईक करून त्या सराव करायच्या. पहिल्या दिवशी "तुम्हालाही वेळ वाचवायचा असेलच ना?" हे वाक्य म्हणताना त्या इतक्या लाजल्या, की आम्हा दोघींना हसू आवरेना. आठवड्याभरात मात्र वाक्यं तोंडात बसली.

आणि मग मास्तर आले. सत्तरीचे शिंपी, जाड भिंगाचा चष्मा, डाव्या हाताला बारीक कंप. नवीन मशीन दाखवा म्हणाले. बाईंनी वहीतलं सगळं ओळीने म्हटलं. काम लवकर व्हायला हवं ना? हो. डोळ्यांना त्रास नको ना? हो, नकोच. अर्ध्या तासात मास्तरांनी दुकानातलं सगळ्यात मोठं मशीन घेतलं, छोटा पडदा असलेलं, बटण दाबलं की काज आपोआप करणारं. मालकांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. त्या दिवशी बाईंनी डबा संपवला.

दुसऱ्या दिवशी मात्र त्या उतरलेल्या तोंडाने आल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्यांनी मशीनला हातच लावला नाही गं. जन्मभर शिवणारा माणूस, आणि एक टीपसुद्धा मारून बघितली नाही."

मी समजूत घातली, की घेणारा आपल्या मर्जीने घेतो, आपण काही गळ्यात मारलेलं नाही. पण त्यांच्या मनातून ते जाईना. कंप असलेला हात, अधू डोळे, आणि आपण त्यांच्याकडून हो, हो म्हणवून घेतलं. आठ दिवस त्या तळमळत राहिल्या. शेवटी सुट्टीच्या दिवशी बिलावरचा पत्ता घेऊन त्या निघाल्या आणि एकटीला धीर होईना म्हणून मलाही नेलं. मशीन परत घ्यायचं आणि मालक काय बोलायचं ते बोलोत, असं त्यांनी वाटेतच ठरवून टाकलं होतं.

घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी मास्तरांचं जुनं पायाचं मशीन होतं, त्यावर अर्धवट शिवलेली पँट. कोपऱ्यात नवीन मशीन चादरीखाली झाकून ठेवलेलं. बाईंनी ते बघितलं. चूक माझी झाली मास्तर, असं त्यांनी सुरू केलं. तुमच्या कामाचं नसताना मी ते तुम्हाला विकलं, मी परत घेऊन जाते.

मास्तरांनी ऐकून घेतलं. मग आत डोकावून बघितलं आणि आवाज खाली आणला. "बाई, ते मी माझ्यासाठी घेतलंच नाही. सुनेसाठी घेतलंय."

मुलगा परगावी कामाला होता. घरी सून आणि तिची दोन वर्षांची मुलगी. सुनेने मुलीसाठी हाताने एक झबलं शिवलं होतं. मास्तरांनी ते दोरीवर वाळताना बघितलं आणि टाके बघून ते तिथेच थबकले. इतका सारखा टाका त्यांनी त्यांच्या उमेदीतही घातला नव्हता. माझ्या मशीनवर बस म्हटलं, तर ती म्हणे, ते तुमचं आहे मामंजी, काही मोडलं तर? म्हणून त्यांनी आपलं नसलेलं एक मशीन घरात आणलं. तिने ते एकदाच सुरू केलं. दोरा गुंतला, पडद्यावर लाल दिवा लागला, आतून पी पी आवाज यायला लागला. तिने बटण बंद करून चादर घातली ती घातलीच. आपण महागाची वस्तू बिघडवली, हे तिच्या मनात. आणि आपण तिच्यावर भलतंच ओझं टाकलं, हे मास्तरांच्या मनात.

"आम्हाला का नाही कळवलंत?" बाईंनी विचारलं.

"विकल्यावर कोण विचारतं?" मास्तर म्हणाले. रागाने नाही, सहज.

बाईंनी चादर काढली, खालचं झाकण उघडलं आणि चिमट्याने गुंतलेला दोरा ओढून काढला. पाच मिनिटांचं काम. काही बिघडलेलं नाही, हे त्यांनी आतल्या खोलीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं. सून दारात येऊन उभी राहिली. बाई स्टुलावरून उठल्या आणि तिला म्हणाल्या, बस.

त्यानंतरच्या चार सुट्ट्या बाई तिकडे जात होत्या. पहिल्या दिवशी मास्तर मध्ये मध्ये सूचना द्यायला लागले, तेव्हा बाईंनी त्यांना त्यांच्या खिडकीशी पाठवलं आणि तोंड रस्त्याकडे करून बसायला सांगितलं. चौथ्या खेपेला सुनेने सहा काजं काढली, एकाचाही दोरा सुटलेला नव्हता. मास्तर उठून आले, चष्मा कपाळावर चढवून त्यांनी कापड डोळ्यांजवळ धरलं आणि एकेक काज अंगठ्याने चाचपून परत खिडकीशी जाऊन बसले. हे बाईंनी मला दुसऱ्या दिवशी दुकानात सांगितलं.

या प्रकरणाने बाई बदलल्या. त्या पोराच्या शिकवणीची वही त्यांनी टाकली नाही. किंमत शेवटी सांगायची, मशीन गिऱ्हाईकाच्या हाताखाली द्यायचं, हे त्यांना पटलं होतं. पण आधी त्या विचारायच्या, मशीनवर कोण बसणार? काय शिवणार? त्याला 'हो' एवढंच उत्तर चालत नसे. माणसं बोलायला लागायची, बाई ऐकत राहायच्या, आणि मशीनच्या खोडी सांगायच्या त्या त्या माणसाच्या कामापुरत्याच. मालकांच्या मागे लागून त्यांनी दर मंगळवारी मागची खोली उघडून घेतली. मशीन नेलेल्यांनी तिथे येऊन शिकायचं. मालकांनी आधी कुरकुर केली, मग स्वतःच दोन जादा स्टुलं आणून ठेवली.

शेजारच्या विक्रेत्याइतकी विक्री बाईंनी कधीच केली नाही, हेही सांगायला हवं. एकदा तर त्यांनी हातातलं गिऱ्हाईक परत पाठवलं. त्या बाईला वर्षातून दोनदा पडदे शिवायचे होते, तेवढ्यासाठी मशीन कशाला, मिस्त्रीबाई म्हणाल्या, टेलरकडून शिवून घ्या. मालकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच पाठवलं.

ती बाई पुन्हा आली नाही. महिन्याभराने तिची जाऊ आली. शाळेच्या गणवेशांची ऑर्डर मिळाली होती, तीन मशीनं हवी होती. मिस्त्रीबाई जेवायला बसल्या होत्या, म्हणून शेजारचा विक्रेता लगबगीने पुढे झाला. जाऊ म्हणाली, "बाईंना सावकाश जेवू द्या, मी थांबते," आणि पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसली.