चॅनेल सात

भावाभावांचं फाटलं तेव्हा वाटणीला फार काही नव्हतंच. दुकान दादाच्या नावावर होतं, ते दादाकडे राहिलं. पाटीवर 'बंधू फोटो स्टुडिओ' लिहिलेलं होतं, तेही तसंच राहिलं. नवी पाटी करायला दादाला वेळ नव्हता आणि जुनी उतरव म्हणायला धाकट्याला तोंड नव्हतं. वाटायचे होते ते फक्त चार फ्लॅश. दोन तुला, दोन मला. अदलाबदल नको म्हणून वहिनीने आपल्या नेलपॉलिशने दादाच्या दोघांवर लाल ठिपके दिले. झाली वाटणी. सख्ख्या भावांची वाटणी नेलपॉलिशच्या एका बाटलीत उरकली.

ते फ्लॅश दुकानात आणले होते धाकट्यानेच. कॅमेऱ्यावर बसवायचे नाहीत, लांब स्टँडवर उभे करायचे, मध्ये वायर नाही. कॅमेऱ्याच्या डोक्यावर काडेपेटीएवढा ट्रिगर. बटण दाबलं की फ्लॅश आधी एक बारीकशी चमक मारतो. ती समोरच्यावर आपटून परत येते, कॅमेरा ती मोजतो आणि फ्लॅशला सांगतो, आता एवढा पेट. पापणी लवायच्या आत सगळा कारभार. धाकटा हे कुठल्या शाळेत शिकला नव्हता, व्हिडिओ बघून बघून आणि चुकून चुकून शिकला होता. दादाला समजावताना त्याचे डोळे लकाकत होते.

दादाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे यंत्र आधी चव बघतं आणि मग मीठ घालतं."

"तसंच समज."

"आणि समोर काळा कोटवाला उभा राहिला तर?"

"मग त्याला वाटतं अंधार आहे, ते जास्त पेटतं. आपण थोडं कमी करायचं."

"म्हणजे शेवटी अंदाज आपलाच. मग एवढं सोंग कशाला रे, छोट्या?"

पण वापरायला लागला. दादा तसाच होता. नाकं मुरडत जेवायचा आणि ताट चाटून पुसून ठेवायचा. सगळे फ्लॅश आणि ट्रिगर एकाच चॅनेलवर असावे लागतात, नाहीतर एकमेकांचं ऐकत नाहीत. धाकट्याने विचारलं, कुठला ठेवू? दादा म्हणाला, "सात ठेव. आणि परत मला विचारू नकोस. चॅनेल-बिनेल तू बघ, फोटो मी काढतो."

हे 'फोटो मी काढतो' हळूहळू जिव्हारी लागायला लागलं. गिऱ्हाईक आलं की दादा ओळख करून द्यायचा, "हा आमचा मशीनवाला. मशीन बंद पडलं की हा पण बंद." गिऱ्हाईक हसायचं. धाकटाही हसायचा. मग एक दिवस नाही हसला. बॅग भरली.

दादाने अडवलं नाही. काउंटरवर पासपोर्ट फोटो कापत बसला होता. म्हणाला, "जा. दार उघडंच आहे. तुझी कात्री तुझ्याच खणात ठेवतो."

ते उघडं दार धाकट्याच्या मानेवर बसलं. रागावून हाकललं असतं तर परवडलं असतं.

नंतर मिळालं ते किरकोळ काम. कुणाच्या घराचे फोटो, कुणाच्या हॉटेलातल्या खुर्च्यांचे. बायको काही बोलायची नाही, पण भांडी जरा जोरात ठेवायची. मग एका मोठ्या कंपनीच्या मॅडमचा फोन आला. वार्षिक कार्यक्रम आहे, दोन फोटोग्राफर बोलावलेत. एकाने हॉलमध्ये स्टेज घ्यायचं, दुसऱ्याने बाहेर लॉबीत माणसांचे पोर्ट्रेट. ज्याचं काम आवडेल त्याला कंपनीचं वर्षभराचं सगळं काम.

"दुसरा कोण आहे?" त्याने विचारलं.

"बंधू स्टुडिओ. ओळखता?"

"ऐकलंय," धाकटा म्हणाला.

आदल्या दिवशी बॅटऱ्या चार्जिंगला लावताना तो बायकोला म्हणाला, "हे मिळालं तर आपलं आपण. नाही मिळालं तर परत कात्री."

"दादांना फोन करून सांगा ना, तुम्ही स्टेज करा आणि काम मला सोडा म्हणून."

"त्यापेक्षा कात्री बरी."

लॉबीत त्याने करड्या पडद्यापुढे स्टूल ठेवलं, दोन्ही बाजूंना फ्लॅश उभे केले. काचेच्या दारातून हॉल दिसत होता. स्टेजच्या दोन टोकांना उंच स्टँडवर दादाचे फ्लॅश. लाल ठिपके इतक्या लांबून दिसत नव्हते, पण ते कुठे आहेत हे त्याला माहीत होतं. दादाने मागे वळून पाहिलं, मान हलवली. यानेही हलवली. झाली भेट.

पहिले फोटो झकास आले. मग हॉलमध्ये भाषण सुरू झालं आणि इथे भुतं नाचायला लागली.

स्टुलावर हिशेब खात्यातला एक टकलू साहेब बसला होता. धाकट्याने कॅमेरा उचललाही नव्हता आणि फ्लॅश आपला आपणच पेटला. साहेब दचकला. "अहो, मला सांगा तरी!"

"सॉरी सर, टेस्ट होती."

बटण दाबलं तर फोटो काळाकुट्ट. फ्लॅश नुकताच रिकामा झालेला, मोजायची चमकसुद्धा धड पडली नाही. परत दाबलं, तर साहेबाचं टक्कलसुद्धा अंधारात. मॅडम मागून येऊन स्क्रीनकडे बघून गेल्या. काही बोलल्या नाहीत. न बोलणाऱ्या मॅडम फार वाईट.

त्याने बॅटऱ्या बदलल्या, ट्रिगर काढून परत बसवला. आणि मग काचेतून त्याला दिसलं. आत दादाने कॅमेरा डोळ्याला लावला आणि इथे लॉबीत याचे फ्लॅश पेटले.

सात. चारही अजून सातवरच! वर्षभरात त्याला चॅनेल बदलायचं सुचलंच नव्हतं. घर सोडलं तरी किल्ली खिशात राहते, तसं. म्हणजे दादा बटण दाबत होता आणि याचे फ्लॅश रिकामे होत होते. आणि हा दाबत होता तेव्हा तिकडे स्टेजवर तेच. नोकर एका घरचे, मालक दोन.

चॅनेल बदलणं हे दोन बटणांचं काम. त्याने फ्लॅश आणि ट्रिगर तीनवर नेले. टकलू साहेब परत बसला आणि असा सुंदर आला की स्वतःच म्हणाला, "अरे वा, हा मीच का?"

इथे थांबला असता तर गोष्टच नव्हती.

बॅगेत जुना जादा ट्रिगर होता. तोही सातवर. त्याच्यावर टेस्टचं बटण असतं, कॅमेऱ्याशिवाय नुसतं दाबलं तरी फ्लॅश पेटतात. धाकट्याने तो काढला आणि पँटच्या खिशात टाकला. कशाला, असं त्याने स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं.

दादाची एक खोड होती. बटण दाबायच्या आधी तो डावी टाच उचलायचा. लहानपणी धाकट्याने त्याची नक्कल करून घरभर हसवलं होतं. आता दोन पोर्ट्रेटच्या मधे तो काचेपाशी पाणी पीत उभा राहायचा. टाच उचलली की खिशात अंगठा दाबायचा. स्टेजवर फ्लॅश पेटायचे, त्याच्या अंदाजाने एक क्षण आधी. आता दादा दाबेल तेव्हा ते रिकामे, फोटो काळा. साधा हिशेब. एकदा दादाने मान वर करून स्टँडकडे बराच वेळ पाहिलं. मग सावकाश दाराच्या काचेकडे पाहिलं. धाकट्याने ग्लास तोंडाला लावला.

परत टाच उचलली. परत अंगठा.

मॅडमनी पुढच्या आठवड्यात बोलावलं, काम दिलं. "तुमचे पोर्ट्रेट फारच छान. त्या दुसऱ्यांचं मात्र वाईट वाटलं हो. नाव चांगलं ऐकलं होतं." आणि त्यांनी दादाचे फोटो स्क्रीनवर उघडून दाखवले.

बघायला त्याला थोडी मजा वाटत होती, खोटं कशाला बोला. पण फोटो काळे नव्हतेच. काही ठीक होते, जरा दाणेदार, हॉलच्या दिव्यांत काढल्यासारखे. आणि बाकीचे पांढरेफटक. बक्षीस घेणाऱ्या बाईला नाकच नाही. भाषण करणाऱ्याच्या कॉलरवर नुसता उजेड.

रिकाम्या फ्लॅशने फोटो काळा होतो, पांढरा होत नाही. मग हे असं कसं? घरी जाताना, जेवताना, अंथरुणावर, तेच. काम मिळालं होतं, बायको भांडी हळू ठेवत होती, आणि याच्या डोक्यात एकच, पांढरे कसे?

मग वहिनीचा फोन आला. "भावजी, हे म्हणतायत की त्यांचे दोन फ्लॅश घेऊन जा. दुकानात अडगळ नको म्हणतायत. काय झालंय तुमचं? घरात धड बोलत नाहीत."

तो गेला. दार उघडंच होतं. दादा काउंटरवर पासपोर्ट फोटो कापत होता. लाल ठिपक्यांचे दोघे पिशवीत बांधून तयार, वर दादाचा ट्रिगर.

"अभिनंदन," दादा मान वर न करता म्हणाला.

"दादा, तुझे फोटो दाखवले मॅडमनी."

"हं."

"ते पांढरे का आलेत?"

कात्री थांबली. दादा हसला, पण ते हसू गिऱ्हाइकासमोरचं नव्हतं. "मशीनवाल्याला कळलं नाही होय?"

धाकट्याने पिशवीवरचा ट्रिगर उलटा करून पाहिला.

"भाषण सुरू झालं तसं माझ्या लक्षात आलं," दादा म्हणाला. "मी दाबलं की लॉबीत उजेड पडतोय. म्हटलं, छोट्याचं वाटोळं होतंय. चॅनेल बदलायचं मला येत नाही, ते तूच करायचास. म्हणून ट्रिगर बंद करून टाकला. हॉलच्या दिव्यांत काढू लागलो. कॅमेरा पार उघडा टाकला, शटर सावकाश ठेवलं, हात थरथरू न देता, जुन्या पद्धतीने. येत होते बरे."

त्याने एक फोटो सरळ कापला आणि बाजूला ठेवला.

"ट्रिगर बंद, तरी माझे फ्लॅश पेटायला लागले, तेही नेमकं शटर उघडं असताना. उघड्या कॅमेऱ्यात एवढा उजेड घुसला तर पांढरंच होणार ना? आधी वाटलं बिघाड. मग बघतो तर मी टाच उचलली की पेटतायत. माझी टाच ओळखणारा त्या इमारतीत एकच माणूस होता."

"मग फ्लॅश बंद का नाही केलेस?" धाकट्याने विचारलं. "स्टँडपाशी जाऊन एक बटण दाबायचं होतं."

"निघालो होतो. मग म्हटलं, बघू तरी कधी थांबतो." दादाने कात्री पुसली. "तू थांबलाच नाहीस रे."

"तूही मला कमी बोलला नाहीस, दादा. सगळ्या गावासमोर."

"बोललो की. तोंडावर बोललो."

धाकट्याने पिशवी उचलली. जड नव्हती, पण हाताला नीट लागेना. दारापाशी पोहोचला तेव्हा मागून दादाने विचारलं, "आता कुठल्या चॅनेलवर आहेस?"

"तीन."

"सात कर. तिथे आता कोणी नाही."

तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ आत आले, पासपोर्टसाठी. दादाने त्यांना स्टुलावर बसवलं, कॉलर नीट केली आणि कोपऱ्यातला जुना, वायरचा दिवा ओढून आणला. कॅमेरा उचलला.

"हलू नका हं, बाबा."

धाकटा पायरीवरच थांबला. दादाची डावी टाच किंचित वर झाली, आणि धाकट्याचा अंगठा पिशवीच्या बंदावर आपोआप दाबला गेला.